नैवेद्याचं पान : कामाच्या नोंदी

२३ जून २०२५, गिरगाव

काम ठरलं. आषाढी एकादशीपासून कोजागिरीपर्यंत मुंबईत देवापुढे, दर्यापुढे, उंबरठ्यावर आणि वेदीवर जे ठेवलं जातं त्याचे लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेले ठसे, करायचे. आकार सहा इंच बाय आठ इंच. हातानेच छापायचे आणि शेवटी शिवून एक लहानसं पुस्तक करायचं.

नियम दोनच. पहिला, देव काढायचा नाही आणि देऊळही काढायचं नाही. देवांची चित्रं या शहराने भरपूर पाहिली आहेत. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईतच सुरू झाला आणि त्याच्या रंगीत लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर गेल्या. आजही देव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बहुतेक तीच रूपं येतात. पण देवापुढच्या पानाचं चित्र कुणी भिंतीवर लावत नाही. मला ते पान काढायचंय. दुसरा नियम, काळ्याखेरीज एका ठशात एकच रंग.

अब्दुल रहमान स्ट्रीटवरून कागद आणला. शाई तेलाची घेतली आहे. पावसाळ्यात ती लवकर वाळत नाही, म्हणून खोलीत आडव्या दोऱ्या बांधून चिमटे लावून ठेवले.

६ जुलै, आषाढी एकादशी

सकाळी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर. पंढरीला जाणं जमत नाही ते मुंबईकर इथे येतात, प्रतिपंढरपूरच म्हणतात याला. मोठी सर आली. रांगेत छत्र्या उघडल्या, पण अभंग थांबला नाही. शेजारच्या आजोबांनी पिशवीतून डबा काढला आणि न विचारताच माझ्या हातावर खिचडी ठेवली. "घे पोरी, रांग लांब आहे." त्यांचं चित्र काढायचा मोह झाला. डबा मात्र नीट पाहून घेतला.

घरी आल्यावर उपवासाचं ताट कागदावर मांडायला घेतलं आणि एकेक जिन्नस लिहीत गेले. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची, रताळं, राजगिऱ्याचा लाडू. यादी पुरी झाली आणि मी थबकलेच. यातली एकूण एक वस्तू मूळची अमेरिका खंडातली. बटाटा अँडीज पर्वतातला, शेंगदाणा आणि रताळं तिकडचंच, मिरची मेक्सिकोकडची. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. यातलं बरंच काही पोर्तुगीज जहाजांमागून इकडे आलं, आणि हीच मुंबई १५३४ पासून १६६५ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. तामिळनाडूत सेलमला साबुदाण्याचे कारखाने निघाले तेही १९४०च्या दशकात. उपवासाला चालणारी वरी तेवढी जुनी, आपल्याच मातीतली.

गहू-तांदूळ इथे किती शतकांपासून आहेत, पण एकादशीला ते चालत नाहीत. समुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्यांना मात्र आपल्या आज्या-पणज्यांनी उपवासाच्या पंगतीला बसवलं. त्यांनी ते कुठल्या निवाड्याने केलं याचा कागद कुठे नसेल. कुणीतरी पहिल्यांदा बटाटा उकडून विठ्ठलापुढे ठेवला असेल. शेजारणीने पाहिला आणि पुढच्या एकादशीला तिनेही ठेवला. आपली श्रद्धा इतकी मोकळ्या हाताची आहे हे पाहून मला फार आनंद झाला. आज दिवसभर हेच डोक्यात आहे.

ठसा: ताट वरून पाहिलेलं. साबुदाण्याचे दाणे गोल टोकाच्या टूलने एकेक टोचून काढायचे. रंग फक्त मिरचीला, हिरवा.

१० जुलै

दाणे टोचून झाले. मनगट दुखतंय. पहिली छपाई चमच्याने मागून घासून केली. सगळे दाणे एकसारखे आलेले नाहीत, भिजवलेल्या साबुदाण्यातही ते तसे येत नाहीतच. असंच ठेवते.

२४ जुलै, दिव्याची अवस

ही अमावास्या हल्ली भलत्याच नावाने ओळखली जाते. मला त्याचं वाईट वाटतं. वर्षभर उजेड देणाऱ्या वस्तूंना एक दिवस पाटावर बसवायचं, इतकी देखणी कल्पना दुसरी कुठली असेल!

पलीकडच्या खोलीतल्या काकूंकडे दुपारीच जाऊन बसले. समया, निरांजनं आणि जुना कंदील चिंच लावून घासलेले, खाली रांगोळी. कणकेचे दिवे करायचे होते. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घेतला, त्यात चिमूटभर मीठ आणि पातळ तूप घालून कणीक घट्ट भिजवली. लिंबाएवढा गोळा घ्यायचा, तळहातावर बसवायचा, मधोमध अंगठा दाबायचा आणि हात फिरवत कड उचलत न्यायची. वात ठेवायला एका बाजूला चिमटीने चोच काढायची. मग चाळणीत ठेवून वाफवायचे. पूजेला त्यातले काही तुपाची वात घालून लावले आणि रात्री तेच दिवे पानात वाढले. काकू म्हणाल्या, "तूप भरपूर घाल, नाहीतर कोरडे लागतात." मी घातलं. वाफवलेल्या कणकेला गुळाचा जो वास येतो तो मला लिहिता येत नाही.

प्रत्येक दिव्याच्या तळाशी काकूंच्या अंगठ्याचा ठसा होता. वाफेवर तो थोडा फुगला, तरी रेघा दिसत होत्या. बाजारातल्या पणतीला चाकाची वर्तुळं असतात, इथे माणसाचा अंगठा. हा दिवा साच्यातून येत नाही. दरवर्षी नव्याने घडतो आणि त्याच रात्री खाऊन संपतो. काकू साठ वर्षं हे करताहेत, म्हणजे किती दिवे झाले असतील आणि त्यातला एकही उरलेला नाही. मी कागदावर काम करते, काहीतरी मागे राहावं म्हणूनच करते. त्यांना ती काळजीच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा करतील.

ठशात दिवा पेटलेला दाखवायचा नाही. रिकामा दाखवायचा, वरून, म्हणजे आतला अंगठा दिसेल. कोरताना रेघा अंगठ्याच्या दिशेनेच फिरवल्या. रंग गुळाचा.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा, वरळी कोळीवाडा

सोनेरी कागदात मढवलेला नारळ डोक्यावर, पुढे बँड, मागे नऊवारी आणि फुलांनी भरलेले अंबाडे. गल्ल्या इतक्या अरुंद की मिरवणूक जाताना लोक दारात उभे राहूनच तिच्यात सामील होतात. किनाऱ्यावर आलं की एका अंगाला किल्ला आणि समोर सागरी सेतू.

मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. माशांच्या विणीचा काळ म्हणून सरकारने ती घातली आहे. कोळ्यांचं जुनं गणित मात्र पौर्णिमेचं. मैत्रिणीची आई सांगत होती, "नारळ दिल्याबिगर आमचे सासरे होडी लोटत नव्हते. कायदा काय, तो मागनं आला." दोन्ही हिशेब जवळपास एकाच ठिकाणी येऊन भेटतात, एक कागदावरून आणि दुसरा चंद्रावरून.

त्यांच्याकडे नारळीभात जेवले. तुपात लवंग परतलेली, गूळ आणि ओलं खोबरं सढळ हाताने, तळाला भात किंचित लागलेला. तो लागलेला भाग मी मागून घेतला.

ठसा अजून सुचलेला नाही. लाटा काढायला गेलं की चित्र भिंतीवरच्या कॅलेंडरचं होतं. बहुधा फक्त नारळाचे तीन डोळे.

१५ ऑगस्ट, पतेती झाली, नवरोझ

दादर पारशी कॉलनीत सकाळी सकाळी चालत गेले. शहेनशाही पंचांगाचं आज नवं वर्ष. उंबरठ्यांवर पांढऱ्या रांगोळीचे मासे, फुलं आणि नक्षीचे पट्टे होते. एका दारात एक बाई रांगोळी घालत होत्या. मी उभी राहिले तर त्यांनी डबी माझ्या हातात दिली.

पत्र्याची चपटी डबी, तळाला बारीक भोकांची नक्षी आणि आत पांढरी पूड. उंबरठ्याशी टेकवायची आणि वरून हलकेच टिचकी मारायची. उचलली की खाली मासा! हे तर छपाईच झालं. माझ्याकडे रोलर आणि शाई आहे, त्यांच्याकडे पत्रा आणि पूड, आणि त्यांचा कागद म्हणजे घराचा उंबरठा, रोज पुसला जाणारा. मी कॉलेजात ठशांच्या इतक्या पद्धती शिकले, ही कुणी दाखवली नव्हती.

आत बोलावून गोड शेव आणि दही दिलं. शेव तुपात परतलेली, वर बेदाणे आणि बदाम. दही आंबट नको, असं त्या दोनदा म्हणाल्या.

घरी आल्यावर नारळ बाजूला ठेवून हा मासा आधी कोरला. ठसा ठिपक्यांचाच, एकही रेघ नाही.

१६ ऑगस्ट, गोपाळकाला

रस्ते बंद आणि थर लागलेले, छपाईचं काम बंद. आईने काला केला: पोहे, लाह्या, दही, काकडी, लिंबाचं लोणचं, कोथिंबीर, आल्याचा कीस. प्रत्येकाच्या शिदोरीतलं एकत्र, म्हणून त्याचा आकार काढता येत नाही. लिनो कोरताना जे टवके आणि कंगोरे मागे राहतात ते मी एरवी साफ करते. काल्याच्या पानावर ते राहू देणार. चित्र म्हणजे फक्त ते टवके.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

चाळीत पहाटेपासून गडबड. सार्वजनिक गणेशोत्सव मुंबईत पहिल्यांदा गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत झाला, १८९३ साली. इथून चालत जाण्याइतकं जवळ. पण आजचं माझं ठिकाण आईचा ओटा.

पिठी सुवासिक तांदळाची. तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळलेले. पाण्याला उकळी आली की मीठ आणि चमचाभर तूप, मग पाण्याइतकीच पिठी, उलथन्याच्या दांड्याने ढवळून झाकण. दोन वाफा. उकड गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळायची. गार झाली की ती फाटते आणि मग कितीही जीव ओता, पारी जमत नाही. सारण आदल्या रात्रीचं: ओलं खोबरं, गूळ, वेलची आणि थोडी खसखस. पातेल्यात हळदीची पानं पसरून त्यावर मोदक ठेवले. त्या पानांचा वास वाफेबरोबर उकडीत शिरतो, वरून काही घालावं लागत नाही.

आईने पारी हातात घेतली, कडेने चिमटीत धरून कळ्या पाडायला सुरुवात केली आणि मी पाहत राहिले. चिमूट खाली रुंद पडते आणि बोटं वर सरकतात तशी निमुळती होत जाते. शेवटी सगळ्या कळ्या एका टोकाला मिळतात. माझं व्ही टूलही नेमकं हेच करतं. लिनोत रुतवलं की रुंद रेघ, उचलत नेलं की बारीक होत होत नाहीशी. इतकी वर्षं मी ती रेघ मारते आहे आणि ती कुठे पाहिली होती ते आज कळलं. लहानपणी ओट्याशी उभी राहून हीच पाहिली असणार.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता तू पाड कळ्या." पाडल्या. माझ्या कळ्या लांब लांब पडतात, तिच्या जवळजवळ. एकवीस मोदक पानात गेले, त्यात माझेही.

उरलेल्या उकडीत आईने हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर आणि मीठ घालून निवगऱ्या केल्या. चपट्या, बोटाने दाबलेल्या, वाफवून वर कच्चं तेल. नैवेद्याच्या पानात मोदकाचा मान, निवगरीकडे कुणाचं लक्ष नसतं. पण करणाऱ्या बाईला पहिला घास मिळतो तो बहुतेक निवगरीचाच, ओट्याशी उभ्याउभ्या. मला ती मोदकाइतकीच आवडते. पुस्तकात मोदकाच्या समोरच्या पानावर निवगरी येणार, त्याच आकारात. हे आता ठरलं.

ठसा: मोदक वरून, फक्त कळ्यांच्या रेघा. बाह्यरेषा नाही.

२८ ऑगस्ट, ऋषिपंचमी

दादरच्या बाजारात ऋषीच्या भाजीचे वाटे मांडलेले. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, सुरण, भोपळा, कच्ची केळी, मक्याच्या कणसाचे तुकडे, आंबटपणाला अंबाडे. आजच्या जेवणात बैलाच्या कष्टाचं काही नको हा दंडक. नांगर न लावता, परसात, कुंपणावर किंवा माणसाच्या हाताने जे पिकतं तेवढंच. फोडणी नाही, मसाला नाही. मीठ, मिरची आणि खोबरं.

काल गोडाधोडाचं झालं आणि आज जिभेला असं धुतल्यासारखं. शेतात राबणाऱ्या जनावराची आठवण एका भाजीत ठेवून दिली आहे, आणि ती आठवण बैल कधी न पाहिलेल्या मुंबईतल्या मुलांच्या ताटात दरवर्षी येते. भाज्यांची यादी शेजारणी-शेजारणींत बदलते, पण तत्त्वावर कुणी वाद घालत नाही.

ठसा भाज्यांच्या कापांचाच करायचा. भेंडी आडवी कापून शाईत बुडवली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. लहान मुलं शाळेत करतात तेच. मी आज तासभर तेच केलं आणि लिनोला हात लावला नाही.

१४ सप्टेंबर, बांद्रा

मोत माऊलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा आजपासून. सण ८ सप्टेंबरचा, जत्रा त्याच्या पुढच्या रविवारपासून आठवडाभर. टेकडीवरचं आताचं चर्च १९०४चं, पण माऊलीवरची श्रद्धा त्याहून खूप जुनी. चढावर नऊवारीतल्या कोळणी, साडीतल्या, झग्यातल्या, बुरख्यातल्या बायका, सगळ्या एकाच गतीने वर चाललेल्या.

रस्त्याच्या कडेला मेणाच्या वस्तू. हात, पाय, डोकं, बाळ, घर. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवंय ते विकत घ्यायचं आणि माऊलीपुढे ठेवायचं. पायाला पट्टी बांधलेला एक मुलगा आपल्या आईबरोबर मेणाचा पाय निवडत होता. आई दोन पाय हातात घेऊन कुठला चांगला ते पाहत होती, भाजी पाहावी तितक्या बारकाईने. मला भरून आलं.

खाण्याचंही होतं: खाजा, चणे, हलवा. मी खाजा घेतला. पण पुस्तकाचं पान त्याचं नाही, मेणाच्या पायाचं. हा प्रसाद नव्हे आणि हे खाता येत नाही, हे खरं. पण देवापुढे ठेवायला माणसाने काय घडवलं हाच माझा विषय आहे, तेव्हा हे पान आत येणारच.

मेणाला काळी शाई शोभत नाही. मित्राच्या प्रेसवर जाड सुती कागद ओला करून शाईशिवाय ठसा घेतला. कागदावर फक्त उठाव, पांढऱ्यावर पांढरा. तिरपा उजेड धरला की पाय दिसतो. आतापर्यंतच्या कामातलं हे मला सर्वांत मनासारखं झालेलं पान.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सगळी टूल्स, रोलर, चमचा आणि शाईची काच पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. मोदकाचा ठसाही ठेवला. दसऱ्याला उद्या सुट्टी, म्हणून सकाळच्या लोकलला आजच झेंडूचे हार आणि आपट्याची पानं. डब्यात आरती झाली, पेढे वाटले गेले. रोजच्या प्रवाशांनी आपल्या गाडीला नमस्कार केला आणि आठ मिनिटांनी जो तो आपापल्या स्टेशनवर उतरला. पेढ्याचं पान करायचं की नाही ते उद्या.

५ ऑक्टोबर, गोराई

बोरिवलीच्या जेट्टीवरून लाँचने खाडी ओलांडली. आज आगेरा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन समाज नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतो, त्या आशीर्वादित होतात आणि लोकांत वाटल्या जातात. हे इथले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. बायका चौकड्याच्या लुगड्यात, कानात आणि केसांत सोनं. ज्यांची शेतं आता घरांखाली गेली तेही आले होते. एका आंटीने सांगितलं की त्यांच्याकडे गेली कित्येक वर्षं भात लावत नाहीत, तरी लोंबी घेतल्याशिवाय सण होत नाही.

त्यांनी जेवायला थांबवलं. फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आणि बाटलीतल्या मसाल्याचं कालवण. हा मसाला उन्हाळ्यात भाजून कुटून गडद काचेच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात, उजेड लागू नये म्हणून. प्रत्येक घराचं प्रमाण निराळं. विचारलं तर आंटी हसल्या आणि आणखी एक फुगा वाढला.

निघताना त्यांनी मला चार लोंब्या दिल्या. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

सकाळी दार उघडलं तर पलीकडच्या काकू आपल्या दारावर नवं बांधत होत्या. कोकणातल्या घरांत नवान्नाला बांधतात ते: भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल, आंब्याचं पान, झेंडू. गावाहून कुणी आणलं नाही तर दादरला विकत मिळतं. यंदा लोंब्या कमी पडल्या होत्या. मी कालच्या चारांतल्या दोन दिल्या.

काकूंनी विचारलं, कुठून आणल्यास? मी सगळं सांगितलं. "चर्चमधल्या ना? मग आशीर्वादच की," असं म्हणत त्यांनी त्या मधोमध बांधल्या.

रात्री गच्चीवर दूध आटवायचं आहे. त्याआधी उरलेल्या दोन लोंब्या समोर ठेवून शेवटचा ठसा कोरला. एकच ठसा, पुस्तकाच्या मधल्या जोडपानावर दोनदा छापायचा. काळा नको, दोन्हीकडे तोच पिवळा. डाव्या पानाखाली गोराई, ५ ऑक्टोबर. उजव्याखाली गिरगाव, ६ ऑक्टोबर. बाकी मजकूर काही नाही.

पाऊस ओसरल्यामुळे शाई आता लवकर वाळेल. नारळाचं पान अजून राहिलंय, ते या आठवड्यात. शिलाईसाठी काकूंकडून गोधडीची जाड सुई मागून ठेवली आहे.